तुला न विचारता बसवलेला वॉल्व

आई,

परवा डॉक्टरांनी मला विचारलं, "आपको क्या ठीक लगता है?" आणि मी तुझ्या सुनेकडे बघायला लागलो. चढ चढताना छाती जड व्हायची म्हणून तपासण्या केल्या, त्यात हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झालेली निघाली. डॉक्टर तरुण बाई आहेत. घाई नाही म्हणाल्या. आधी औषधं घेऊन बघता येईल, नाहीतर स्टेंट घालता येईल. दोन्हींत काय मिळतं, काय सोसावं लागतं, ते सावकाश सांगितलं आणि म्हणाल्या, "अब आप मुझे समझाइए, मैंने क्या कहा." मी सुरुवात केली आणि चुकलो. स्टेंट घातला की गोळ्या सुटतात असं मी ऐकलं होतं, आणि त्या तसं बोलल्याच नव्हत्या. न चिडता त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तुझी सून शेजारी बसून वहीत लिहून घेत होती. मी मान हलवत होतो आणि मला तू दिसत होतीस, चौदा वर्षांपूर्वी अशाच एका टेबलासमोर पदर गच्च धरून बसलेली.

बाबांच्या सरकारी नोकरीपायी तू नागपूर सोडून भोपाळला आलीस, आणि बाबा गेल्यावर अशोका गार्डनच्या घरातल्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवून मला वाढवलंस. गळा किती, बाही कुठवर, हे दोनदा विचारल्याशिवाय तू कापडाला कात्री लावायची नाहीस. एकदा एका नव्या नवरीऐवजी तिची सासूच सगळं सांगायला लागली, तर टेप हातात धरून तू म्हणालीस, "अम्माजी, पहनना तो इसको है ना." मी कोपऱ्यात अभ्यास करत होतो, मला हसू आलं होतं. पुढे मी मंडीदीपला औषधांच्या कारखान्यात लागलो, पॅकिंगला. प्रत्येक खोक्यात माहितीचा घडी घातलेला कागद पडतोय की नाही, हे बघणं माझं काम. तो कागद रोज डोळ्यांखालून जायचा, पण उघडून वाचावा असं कधी वाटलं नाही.

तुझ्या हृदयातला वॉल्व खराब झालाय, बदलावा लागेल, हे कळलं तेव्हा डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठीमागे पेनाने हृदयाचं चित्र काढून दाखवलं. वॉल्व दोन प्रकारचे. एक धातूचा, तो टिकतो, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, जन्मभर, आणि दर महिन्याला रक्ताची तपासणी. दुसरा जनावराच्या पेशीजालापासून केलेला, त्याला बहुधा ती गोळी कायमची लागत नाही, पण दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा ऑपरेशन करावं लागू शकतं. मग ते तुझ्याकडे वळून म्हणाले, "माताजी, आप क्या चाहती हैं?" तू खुर्चीत पुढे सरकलीस. "डॉक्टरसाहब, वो रोज वाली गोली अगर कभी..." एवढंच बोललीस. मी मधेच म्हणालो, "सर, इनको क्या समझेगा. जो ज्यादा चले वही लगा दीजिए." बाहेर रांग होती. डॉक्टरांनी एकदा तुझ्याकडे पाहिलं, मग कागद पुढे केला. मी बोट ठेवलं तिथे तू सही केलीस.

जिन्यात तू थांबलीस. धाप लागली असेल, असं मला वाटलं.

"काहून बोललास मधे? मला विचारत होते ना ते?"

"आई, तुला काय कळतं त्यातलं?"

तू कठडा धरून उरलेल्या पायऱ्या उतरलीस. मी हात पुढे केला, तो घेतला नाहीस.

ऑपरेशन चांगलं झालं, हेही सांगायला हवं. तीन वर्षं तू पुन्हा मशीनवर बसलीस. पण मला त्या वर्षांतलं स्वयंपाकघरच जास्त आठवतं. तू मेथी निवडतेयस, फक्त आमच्यासाठी. दवाखान्यातून सुट्टी होताना "हरी सब्जी का ध्यान रखना" असं कुणीतरी घाईत बोललं होतं, आणि आपण त्याचा अर्थ बंदी असा घेतला. तुझ्या आवडीची भाजी, पण तू ती तोंडात घातली नाहीस, फोडणीचा वास आला की नुसती म्हणायचीस, "लसूण बरोबर पडलाय." तू गेल्यावर तुझ्या उरलेल्या गोळ्यांच्या खोक्यातला कागद मी आयुष्यात पहिल्यांदा उघडून वाचला. पालेभाजी सोडायची नव्हतीच. दर आठवड्याला साधारण सारखी खायची होती, म्हणजे गोळीचा परिणाम खालीवर होत नाही, इतकंच.

मग तुझी दाढ दुखायला लागली. दातांचे डॉक्टर म्हणाले, काढण्याआधी रक्त पातळ करणारी गोळी बंद करा. पुन्हा कधी सुरू करायची हे त्यांनी सांगितलं नाही, की सांगितलं आणि आपल्याला कळलं नाही, देव जाणे. "हृदयाच्या डॉक्टरांना एकदा विचारू या का?" असं तू म्हणाली होतीस. मी म्हणालो, "त्यात काय विचारायचं?" दाढ निघाली. त्यानंतरच्या दहाव्या दिवशी सकाळी मशीनवर बसल्या बसल्या तू सुनेकडे दोरा मागू लागलीस आणि शब्दच फुटेना. उजवा हात कापडावरून घसरून मांडीवर पडला. वॉल्ववर गुठळी धरली होती, तिचा तुकडा मेंदूत गेला. चार दिवस तू माझ्याकडे बघत होतीस. त्या चार दिवसांत डॉक्टरांनी जे जे विचारलं, त्याचं उत्तर मीच दिलं.

परवा मी औषधांवर राहायचं ठरवलं. चालायचं, तंबाखू सोडायची, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं, त्रास वाढला तर तोवर थांबायचं नाही. तीन वेळा प्रश्न विचारले, तिसऱ्यांदा लाज वाटली तरी विचारला. हे बरोबर की चूक, ते पुढे कळेल.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता आलं. तुला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, दाढ काढून इतके दिवस झाले तरी गोळी सुरू का केली नाही? मी म्हणालो, "माँ भूल गई होंगी." तुझ्या फाइलमध्ये तसंच लिहिलंय. नातेवाईकही तेच म्हणतात, शेवटी शेवटी विसराळू झाली होती. पण दाढ काढल्यावर सहाव्या दिवशी तू मला कारखान्यात फोन केला होतास. "हिरडीतून अजून थोडं रक्त येतंय. गोळी सुरू करू का रे?" पॅकिंगची लाइन चालू होती, नीट ऐकू येत नव्हतं. "रक्त थांबेपर्यंत नको घेऊस," मी म्हणालो आणि फोन ठेवला. तू विसरली नव्हतीस, आई. हे मी तुझ्या सुनेलासुद्धा अजून सांगितलेलं नाही.