रस्कसरांचं दुसरं पत्र

३ फेब्रुवारी

शेवटी माझ्याच गळ्यात पडलं! निवड समितीचं अध्यक्षपद. डीन मार्लीन गोड आवाजात म्हणाली, "व्हेरा, तुझ्यावर सगळ्यांचा विश्वास आहे." म्हणजे बाकीच्यांनी नाही म्हटलं.

आमच्या लोकप्रशासन विद्यालयात सहा वर्षांनी एक कायम जागा निघालीय. एकच. अर्ज एकशे बारा. त्यात आमचा ऑरिन टॅकेट. नऊ वर्षं इथे एकेका वर्षाच्या करारावर शिकवतोय. ओहायोच्या या कोपऱ्यातले नगरपालिकांचे कारकून, अग्निशमन दलाचे कॅप्टन, शेरीफच्या कचेरीतली माणसं, सगळी त्याच्याच हाताखालून गेलेली. मे महिन्यात करार संपला की पुन्हा करायचा नाही, असं वरून आलंय. म्हणजे ही जागा, नाहीतर घरी.

मला तो हवाय. इथे लिहायला काय हरकत आहे!

९ फेब्रुवारी

समान संधी कार्यालयाची बाई दोन तास नियम सांगून गेली. लग्न, मुलं, वय, धर्म, आजार — विचारायचं नाही, बोलायचं नाही, कोणी बोललं तर थांबवायचं. शिफारसपत्रं गुप्त, उमेदवारालाही दाखवायची नाहीत. परस्पर कोणाला फोन नाही. आम्ही पाचही जणांनी मुकाट सह्या केल्या. शेजारी बसलेला केसलर कुजबुजला, "हवामानावर बोललं तर चालेल ना?"

१६ फेब्रुवारी

ऑरिनची शिफारसपत्रं वाचली.

त्याचे गुरू, प्राध्यापक रस्क. वय ब्याऐंशी, केंटकीत असतात. दोन पानं मनापासून कौतुक. आणि मग हे: 'तेरा वर्षांपूर्वी, पत्नीच्या अपघाती मृत्यूनंतर ऑरिन सात महिने मनोरुग्णालयात होता. त्यानंतर, निदान माझ्या पाहण्यात तरी, तसं काही झालेलं नाही.'

निदान माझ्या पाहण्यात! म्हातारबुवा, प्रेमानेच लिहिलंत हो हे! आजवर ऑरिनने तीसेक ठिकाणी अर्ज केले असतील, कुठूनही मुलाखतीचं बोलावणं नाही. दर वेळी मला म्हणायचा, "माझंच काहीतरी कमी पडतंय, व्हेरा." सगळीकडे हेच पत्र जात होतं.

१९ फेब्रुवारी

बैठक. ऑरिनचं नाव निघालं आणि सगळे कागदांत डोकी घालून बसले. त्या वाक्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. कसा काढणार? सह्या केल्यात ना!

केसलर म्हणाला, "माणूस चांगलाच आहे. पण कायमची जागा म्हणजे... ताण असतो."

"कसला ताण? आत्ता पाच वर्ग घेतोय तो!"

"तसं नाही गं. एकूण म्हणतोय मी."

एकूण! ओरडावंसं वाटलं — अरे, आजाराचंच म्हणतोयस ना, त्याला तेरा वर्षं झाली! पण तसं म्हटलं असतं तर नियम मीच मोडला असता. ज्या गोष्टीवर बोलायला बंदी, तिच्या बाजूनेही बोलता येत नाही. बाई दोन तास बोलली, पण हे काही तिने सांगितलं नव्हतं. कसंबसं रेटून त्याचं नाव पहिल्या तिघांत बसवलं. तिसरं.

२० फेब्रुवारी

केला फोन. रस्कसरांना. घरून.

"मी तर त्याची हिंमत दिसावी म्हणून लिहिलं होतं!" मग — "म्हणजे इतकी वर्षं मीच..."

मी म्हटलं, निकालाआधी पत्र बदलून देता येतं. ते वाक्य काढा आणि नवं पाठवा. ऑरिनला यातलं काही कळू देऊ नका.

"पाठवतो, पोरी. लगेच बसतो लिहायला."

अठ्ठावन्नाव्या वर्षी पोरी! बरं वाटलं. चुकलंय हे माहीत असूनही बरं वाटलं.

२४ फेब्रुवारी

ऑरिनचं व्याख्यान. नदीला पूर आला तेव्हा छोट्या गावांनी कारभार कसा चालवला, यावर. हॉल भरलेला. एक अग्निशमन कॅप्टन शेवटी उठून उभाच राहिला टाळ्या वाजवायला. केसलरसुद्धा बिस्कीट चावत म्हणाला, "बरा बोलला की!"

होईल. आज पहिल्यांदा वाटतंय, होईल.

२६ फेब्रुवारी

रस्कसरांचं पत्र आलं. पाचही जणांना एकदम. पहिलंच वाक्य: 'डॉ. व्हेरा लिंडक्विस्ट यांनी फोनवर सुचवल्यावरून ऑरिनच्या आजाराचा उल्लेख या पत्रात गाळत आहे.'

पन्नास वर्षं संशोधन केलेला माणूस! कुठून घेतलं ते सांगितल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही, ही हाडीमाशी खिळलेली सवय. मी त्यांना काय काय सांगितलं, पण माझं नाव घालू नका एवढं सांगायचं सुचलं नाही.

५ मार्च

कार्यालयाचा निर्णय: ऑरिनचा अर्ज बाद. अध्यक्षांच्या हस्तक्षेपामुळे त्याला 'गैरवाजवी लाभ' झाला म्हणे. लाभ!

मला लेखी समज. बस्स. मी कायम आहे, मला कोण हात लावणार?

ऑरिनला एवढंच कळवणार — 'प्रक्रियेतील त्रुटीमुळे'. मार्लीनने बजावलं, "त्याच्याशी यावर एक अक्षर बोलू नकोस. तो कोर्टात गेला तर ही जागाही जाईल."

मी "बरं" म्हटलं. स्वतःची लाज वाटते.

१४ मार्च

जागा कॅलिफोर्नियाच्या एका मुलीला. हुशार आहे. दोन वर्षांत निघून जाईल.

२१ मार्च

चर्चच्या तळघरात शुक्रवारचं तळलेल्या माशांचं जेवण. अर्धं गाव तिथे. ऑरिन रांगेत माझ्या पुढे चौथा. त्याने मागे वळून हात केला. मी ताट न घेताच बाहेर आले, गाडीत बसून राहिले.

२ एप्रिल

ऑरिन आज केबिनमध्ये आला. म्हणाला, "कोणीतरी रस्कसरांना फोन केला, त्यात माझं गेलं, असं ऐकतोय. केसलरच असणार." मी टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. केंटकीतल्या एका छोट्या कॉलेजात अर्ज करतोय. "सर आता पत्र लिहायला नको म्हणतात, का ते सांगत नाहीत. त्यांच्या जागी तुझं नाव देऊ का? या सगळ्यात सरळ माणूस तूच एक."

मी हो म्हटलं.