मोटर बंद, घरघर चालू

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लाज खुंटीला टांगून लिहितो आहे. ओटीपोटाच्या खाली, बैठकीच्या जागी, आत कुठेतरी मला हल्ली घरघर होते. दुखत काही नाही. खिशातला फोन आवाज बंद असताना थरथरतो ना, अगदी तसं. पहिल्यांदा मी खिसाच चाचपला. फोन समोर टेबलावर होता.

पंप तपासताना मी टेबलाला कंबर टेकून उभा राहतो, हे तू पाहिलं आहेस. बेअरिंग गेलं असेल तर आधी कानाला कळतं, मग हाडाला. एवढ्याच भांडवलावर वर्कशॉप उभं केलं. परवा लाँड्रीवाल्याचा पंप चालू केला, कंबरेला थरथर लागली, म्हटलं बेअरिंग गेलं. खोलून बघतो तर आत सगळं कोरं करकरीत! आणि पंप बंद, तरी घरघर चालूच. म्हणजे मोटर मीच. लाँड्रीवाल्यानं विचारलं, शेठ, कान भाड्यानं दिलेत की काय.

हिला सांगितलं तर आधी हसली, मग घाबरली. आता दोन्ही आळीपाळीनं चालू आहे. तू मोठी, म्हणून विचारतो: डॉक्टरकडे जाऊ, की जाईल आपोआप?

तुझं शिलाई मशीन कसं आहे? खुर्चीपर्यंत थरथरतं म्हणालीस म्हणून गेल्या महिन्यात येऊन सगळं खोललं, पण दोष सापडला नाही. ते मनाला लागून राहिलं आहे.

लोभ आहेच, त्यात काटछाट नको.

तुझा,
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून इतकी हसले की सुईखाली बोट जायचंच राहिलं. डॉक्टरकडे मुकाट्यानं जा. नाकाला झालं असतं तर गावभर दाखवत फिरला असतास, मग इथेच कसली लाज? एक सांग, उभं राहिलं की थांबतं का? पायाला मुंग्या येतात? आणि पाणी कमी प्यायलं तर बरं पडतं का?

मशीन तसंच घरघरतं. तुझा दोष नाही, तेही म्हातारं झालं. शाळेच्या गणवेशांचं काम घेतलं आहे, मान वर करायला फुरसत नाही. तू आणलेल्या चपला मात्र सैल निघाल्या रे. डावी जिन्यातच राहते आणि मी पुढे! खालची शेजारीण ती आणून देते आणि विचारते, आजी, एका पायावर कुठे निघालात?

तुझ्या बायकोला म्हणावं, हसणंच चालू ठेव.

आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

तुझी,
ताई

१४ फेब्रुवारी, तुझ्या जिन्यातून

ती. ताईस,
सा. न., आणि तोही बंद दारालाच.

हे पत्र दाराखालून सरकवतो आहे. काल फोन केला तर ऐकू येत नाही म्हणून ठेवलास. तोंडानं बोलायला गेलो तर तू मला वाक्य पुरं करू देणार नाहीस. तेव्हा आधी वाच, मग दार उघड.

मी डॉक्टरकडे गेलो. बाई आपल्या मुलींच्या वयाची. सगळं तपासून म्हणाली, तिथले स्नायू आखडले की असं फडफडतं. नेमकं कशानं ते दर वेळी सांगता येत नाही, पण तुमच्या बाबतीत घाबरण्यासारखं काही दिसत नाही. मग तिनं विचारलं, पाय बधिर होतो का, बैठकीची जागा बधिर वाटते का, लघवी धरता येते ना? यातलं काही असेल तर पाठीतली नस दबलेली असू शकते, एक दिवसही थांबायचं नाही. माझं सगळ्याला नाही. खुशीत बाहेर पडलो आणि तिच्या पायऱ्यांवरच थबकलो. मुंग्या, कमी पाणी, असलेच प्रश्न तर ताईनं मला आधीच विचारले होते! न शिकता तुला ते आले कुठून?

आणि चपला. जोड मी स्वतः मापून घेतला होता. सैल असत्या तर दोन्ही निसटल्या असत्या. डावीच का राहते? निसटलेली तुला कळत कशी नाही?

ताई, मी मशीन शेवटच्या स्क्रूपर्यंत खोललं. त्यावर बसणाऱ्या बाईला मात्र एक शब्द विचारला नाही. रिक्षा खाली उभी आहे. तू येईपर्यंत मी इथून हलणार नाही. शेजारीण मला दोनदा चोर समजून गेली.

लोभ नंतर कर, आधी चपला घाल.

धाकटा

(त्याच कागदाच्या पाठीवर)

आरडाओरडा करू नकोस, शेजारी ऐकतील. हो, डावा पाय बधिर आहे. बसायची जागाही. लघवीचं दोन दिवसांपासून कळेनासं झालं आहे. हे कुणा पुरुषाला सांगण्यापेक्षा मशीनवर ढकललेलं बरं वाटलं. ती डॉक्टर बाईच आहे ना, नक्की? गणवेशांचा गठ्ठा तू उचल, तो शेजारणीकडे देऊ. दार उघडते.

२० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., आणि एक चापटी.

पाठीच्या ऑपरेशनचे टाके सुकले. मोठे डॉक्टर म्हणाले, आणखी थांबला असतात तर पाय आणि बाकीचं, दोन्ही हातचं गेलं असतं. लघवीचं आता कळतं. पायात जीव हळूहळू येतो आहे, त्याला वेळ लागेल म्हणतात. लागू दे. रोज सकाळी भिंतीला धरून चालते, आणि गणवेश पुरे करणार म्हणजे करणार. उभ्यानं कापते, थोडं थोडं शिवते.

घरघर अजून अधूनमधून होते. पण आता मशीन थांबवलं की कळतं, माझी कुठली आणि त्याची कुठली. तुझी कशी आहे? डॉक्टर बाईनं दिलेला व्यायाम चुकवतोस, असं तुझ्या बायकोनं कळवलं आहे. चुगली नव्हे, माझीच नेमणूक आहे.

काल पहिल्यांदा एकटी जिना उतरले. खाली पोचेपर्यंत पायांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. शेजारीण दारातच उभी होती. तिच्या हातात माझी चप्पल नव्हती, म्हणून मग बघितलं. दोन्ही चपला पायात होत्या.

लोभ आहे तेवढा पुरे. यापुढे माझं मशीन खोलायला आलास, तर आधी मला विचार.

तुझी,
ताई