बाबांनी दिलेला डाग

प्रिय ताई,

छकुली पालथी पडायला लागली, हे बाबांकडून कळलं. तुझा फोनही तेच उचलतात आणि स्पीकरवर टाकून सगळ्या घराला ऐकवल्याशिवाय त्यांना बोलताच येत नाही, म्हणून हे पत्र. मावसभाऊ आज गाडी घेऊन तिकडे निघालाय, त्याच्या हाती देतेय. मुद्द्याचं आधी लिहून पाहिलं, पण वाचून मलाच धडकी भरली. फाडलं.

माझं काम तुला ठाऊक आहे. आम्ही एक रंग बनवतो. पाण्यात किंवा पेशीत शिसं असलं, तर तो त्याला धरतो आणि जांभळ्या दिव्याखाली हिरवा चमकतो. लॅबमध्ये याला आम्ही ‘पेटणं’ म्हणतो. मी एकदा फोनवर ‘आज पेटलं’ म्हटलं, तर बाबा म्हणाले, आधी गॅस बंद कर.

गेल्या खेपेला घरच्या नळाचं पाणी बाटलीत भरून आणलं. मिरवायला, दुसरं काय. इथल्या शिकल्यासवरल्या घरांतल्या मुलींना दाखवायचं होतं, प्लंबरच्या घरचं पाणी कसं असतं ते. ते पेटलं.

वाटलं, ज्या काचनळीत तपासलं तीच खराब असेल. दुसरी घेतली, घासून धुतली, पुन्हा तेच. मग वाटलं, हा रंग कधी कधी जस्तालाही फसतो, तसंच झालं असेल. मॅडम म्हणाल्या, मोठ्या यंत्रावर तपासल्याशिवाय कुणाला घाबरवू नकोस. तपासलं. शिसंच आहे, आणि थोडंथोडकं नाही.

छकुली येणार म्हणून बाबांनी स्वयंपाकघरात तांब्याच्या नळ्या नव्याने बसवल्या ना? जोडांना डाग द्यायला, म्हणजे तार वितळवून ते सांधायला, माळ्यावरची जुनी तार काढली. हल्लीच्या तारेत दम नाही म्हणाले. तो दम म्हणजे शिसं, ताई. “माझा डाग कधी सुटत नाही,” म्हणतात, आणि खरंच एक थेंब गळत नाही. शिसं आतल्या आत पाण्यात उतरतं. उकळूनही ते जात नाही.

त्याच पाण्यात तू छकुलीचं दूध कालवतेस. हे वाचलंस की थांबव. दुकानातून बंद बाटल्यांचं पाणी आण आणि तिचं रक्त तपासून घे. बाबांनी विचारलं तर माझं नाव सांग. नको, काहीच सांगू नकोस. शनिवारी मी येतेय, मीच सांगेन. मग ते गप्प बसतील, जेवणार नाहीत, ते मी बघेन. पण जोड कापायचे ते त्यांनीच. दुसरा प्लंबर मी आपल्या दारात उभा करणार नाही.

तुझीच,
काळजीवाहू धाकटी