एझ्रा व्हिटलोची अकरा खोकी

मी, देवदत्त वामन खांबेटे, वय चौऱ्याहत्तर, राहणार आयसेलिन, न्यू जर्सी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. स्वभाव नाही, पण कायदा तो विचारत नाही.

१. घर, बँकेतली शिल्लक आणि गाडी माझी एकुलती एक मुलगी रेणू हिला. यात बोलण्यासारखं काही नाही.

२. दिवंगत पत्नी शोभना हिचं शिलाई मशीन शेजारच्या हिमानीला. शोभना म्हणायची, या घरात आपण तिघं राहतो आणि चौथा तो मेलेला वकील. ती गंमत करत नव्हती, हे मला उशिरा कळलं.

३. तो वकील म्हणजे एझ्रा व्हिटलो, एकोणिसाव्या शतकातला, पेनसिल्व्हेनियाचा. पळून आलेल्या गुलामांचे खटले फुकट लढला, एकदा विधिमंडळात गेला आणि त्याच खटल्यांपायी पुढच्या तिन्ही निवडणुका हरला. भाड्याच्या खोलीत मेला. नोकरी सांभाळून बावीस वर्षं मी त्याचं चरित्र लिहिलं, तेही मराठीत. पुण्याच्या प्रकाशकाने विचारलं, आमच्या वाचकाला याचं काय? इथल्यांना तर ते वाचताच येत नाही. कागदांची अकरा खोकी तळघरात आहेत. आमच्या मराठी मंडळाला त्यातलं चिटोरंही देऊ नये.

४. कारण असं. सहा वर्षांपूर्वी रेणू इथल्या कौन्सिलच्या निवडणुकीला उभी राहिली. मंडळाचा अध्यक्ष रवींद्र गुर्जर याने चाळीस घरांची मतं आणतो असा शब्द दिला आणि नेमकी मतदानाच्याच मंगळवारी संध्याकाळी दिवाळी कार्यक्रमाची रंगीत तालीम ठेवली. चाळीस घरं तालमीला गेली. रेणू तीन मतांनी पडली. माझ्या मुलीचा घात केलास, असं मी रवींद्रला भर सभेत सुनावलं. पस्तीस वर्षांची मैत्री तिथे संपली. माझ्या शोकसभेत त्याने तोंड उघडू नये.

५. हे कलम लिहायला चार दिवस लागले. व्हिटलोची पत्रं चार तासांवरच्या एका गावातल्या वाचनालयात आहेत. ते फक्त मंगळवारी उघडतं. त्या मंगळवारी मी तिथे होतो. शेवटची निवडणूक हरल्यावर त्याने बायकोला लिहिलेलं पत्र उतरवत बसलो आणि परत येईपर्यंत मतदान संपलं होतं. रेणूने फोनवर विचारलं, "बाबा, व्होट केलंत ना?" मी म्हणालो, "सकाळीच केलं." तिने थँक्यू म्हटलं.

माझ्या एकट्याच्या मताने ती निवडून आली नसती, एवढं गणित मला येतं. पण त्या तीन मतांतलं एक माझं आहे, आणि सहा वर्षं मी तिन्ही रवींद्रच्या माथी मारली. आपलेच लोक आले नाहीत, असं म्हणत रेणू पुन्हा कधी उभी राहिली नाही. ती असं म्हणायची तेव्हा मी मान डोलवायचो. मला स्वतःची लाज वाटते. तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून इथे लिहिलं. कलम ४ मधली शोकसभेची अट रद्द. खोकी रेणूने ठेवावीत किंवा जाळावीत.

स्थळ: आयसेलिन
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

सही: देवदत्त वामन खांबेटे

साक्षीदार:
१. प्रल्हाद सामंत, शेजारी. मजकूर न वाचता सही केली.
२. रवींद्र गुर्जर. याला मी स्वतः फोन करून बोलावलं. त्याने पाचही कलमं दोनदा वाचली. मग म्हणाला, "सही करतो. पण हे तिला तू गेल्यावर कळलं, तर ती भांडणार कोणाशी?" आणि माझं उत्तर येण्याची वाट न बघता सही करून गेला.