लाल दवा आणि धोंडबाची मेथी

७ जानेवारी १९७४
आजपासून जंतूंशी युद्ध. दवाखान्यात चपराशी होतो. डॉक्टरच्या दाराबाहेर बसून अर्धी डॉक्टरकी ऐकली आहे. रविवारी आमच्या गोपिकेला मुलासाठी बघायला रामटेककडचा बागायतदार धोंडबा येतोय. दोन ठिकाणचे नकार आधीच पदरात. जेवणात घोळाणा होणारच, म्हणजे कच्ची मेथी, कांदा, तेल. पाहुण्याचं पोट बिघडलं तर लग्न मोडलं. यापुढे प्रत्येक पान लाल दवेच्या पाण्यात बुडेल, विहिरीत टाकतात ती.

८ जानेवारी
पाणी गुलाबी हवं म्हणतात. मी जांभळं केलं. मेलेच पाहिजेत. बायको, प्रयागबाई, एका पाण्यातून काढलेली मेथी चिरायला बसली. मी विळी हिसकावली. तिने लाटणं फेकलं. लागलं नाही. कानाला थोडं लागलं. म्हणाली, जलमभर असंच खाऊन राहिलो, मेलो काहून नाही? उत्तर तयार होतं, पण कान ठणकत होता.

१० जानेवारी, सकाळ
माठ फोडला. आत शेवाळ होतं. भाजी चिरायचा पाटही कुऱ्हाडीने फोडला. लाल दवेने बोटं तपकिरी झाली, रंग निघत नाही. लढाईत असं होतं. गोपिका म्हणाली, बाबा, पाहुणे मले नाही, तुमचे हातच पायतीन.

१२ जानेवारी
निश्चय. उद्या कोणावर हात उचलायचा नाही.

१३ जानेवारी, रविवार
धोंडबा स्वतःच्या वावरातली मेथी घेऊन आला. पहाटे उपटलेली, मुळं-मातीसकट, ओल्या पोत्यात. होणाऱ्या व्याह्याने आणलेली भाजी त्याच्यासमोर झटकून ताटात वाढायची असते, हे मला माहीत आहे. पण जंतूंना नातं कळत नाही. घमेल्यात बुडवली. पानं काळी पडली.

धोंडबा म्हणाला, माह्या वावरात विष पिकते काय गा?

मी शांतपणे विचारलं, सोनखत घालता का, माणसांच्या मैल्याचं.

त्याने घमेलं माझ्या डोक्यावर उपडं केलं. मी त्याचं पागोटं ओढलं. त्याने मुस्कटात दिली. मी त्याच्या मनगटाला चावलो. नंतर चूळ भरली. प्रयागबाई झाडू घेऊन मध्ये पडली. मारला फक्त मला.

तेवढ्यात गोपिकेने पोत्याच्या तळची मूठभर मेथी मातीसकट उचलली आणि सगळ्यांसमोर चावून खाल्ली. सासऱ्याला म्हणावं तसं म्हणाली, मामाजी, गोड आहे. धोंडबाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण जेवला नाही, गेला.

१५ जानेवारी
लग्न जुळवणारा भैयाजी निरोप घेऊन आला. पोरगी पसंत. अट एकच. मी धोंडबाच्या वावरात बसून पाच माणसांसमोर मेथी न धुता खायची, मग तारीख. साफ नाही म्हणून सांगितलं. तत्त्व म्हणजे तत्त्व. भैयाजी म्हणाला, तत्त्वासंगच पोरीचं लगन लावून द्या मग.

गोपिका रात्री जेवली नाही.

२० जानेवारी
खाल्ली. थोडे थोडे जंतू घेऊन शरीर तयार करणं हेही शास्त्रच आहे, देवीची लस तशीच असते. दातांखाली माती करकरली. फाल्गुनातली तारीख निघाली. धोंडबाने पाठीत थाप मारली, गरजेपेक्षा जोरात.

मी आणखी एक मूठ मागितली. निव्वळ परीक्षा म्हणून. मग कांदा आणि तेल मागितलं. धोंडबा म्हणाला, पुरे करा गा व्याहीबुवा, लग्नाले राहू द्या थोडी.