बंबवाल्याचा टोप

गुरुवार, दिवेलागण

ठण् ठण् ठण्! लहानपणी शाळेवरून आगीचा बंब जायचा, तेव्हा आम्ही कवितेची ओळ अर्धीच टाकून खिडकीशी धावायचो. बंबावरच्या माणसांच्या डोक्यावर चामड्याचे टोप असायचे. तसा एक मिळावा म्हणून मी उभा जन्म जुने बाजार धुंडाळले. आणि शेजारच्या गल्लीतल्या बापूला तो कुरुंदवाडच्या भंगारात पहिल्याच फेरीत मिळावा? खरा टोप ओळखायचा कसा, हेही त्याला मीच शिकवलेलं!

दुपारी तो टोप घेऊन आला. "गुरुजी, बघा की. खरा हाय न्हवं?"

मी आतून बोटं फिरवली. नकली टोपावर टाक्यांचे नुसते वरून ठसे असतात. इथे एकेक टाका आतपर्यंत आलेला. अगदी खरा. आणि मी म्हणालो, "नकली आहे रे. नाटकातला असेल."

का म्हणालो? त्याचा चेहरा उतरला तेव्हा मला बरं वाटलं, हे इथे तरी लिहावं. पण ते टाके अजून बोटांना लागतायत.

एवढं लिहितोय तोच बेल वाजली. दारात बापूची बायको पार्वती. गुडघ्यांमुळे ती कधी आमचा जिना चढत नाही. हातात पिशवी.

"ह्यांनी धाडलाय, गुरुजी. म्हणाले, नकली तर नकली, पर गुरुजी त्याला लेकरागत कुरवाळत हुते. त्यांच्याकडंच ऱ्हाऊ दे."