राईला वळसा

१८ जाने. २००६
आज डोंगरावर गोव्याचे जंगलखात्याचे गार्ड आणि आपले गार्ड एकत्र. एकाच पातेल्यातला चहा प्यायले. मी पाहतच राहिले. तीन वर्षांमागे वणवा गोव्यातून चढला, तेव्हा दोघेही हद्दीच्या दगडाशी थांबले होते. आग कोणाची, यावर वाद. आमचे हे एकटे हिरवी डहाळी घेऊन विझवायला गेले. ते गेलेच.

२० जाने.
दोन्ही राज्यांची जंगलखाती मिळून जाळरेषा काढणार. झाडझाडोरा तोडून मातीचा उघडा पट्टा, म्हणजे आग ओलांडत नाही. हे आधी झालं असतं तर... असो.
पण पट्टा देवाच्या राईतून जातो. तिथे आम्ही वाळकी काडीही उचलत नाही. ह्यांचा चुलतभाऊ शंकर म्हणाला, "देवाक इचारल्याशिवाय कोयतो लागचो नाय." आपला साहेब हसला. गोव्याचा गार्ड नाही हसला. "आमचोय देव तोच," म्हणाला.

२३ जाने.
कौल घेतला. गुरवाने पाषाणावर ओले तांदूळ लावले. दोन्हीकडचे गार्ड टोप्या काढून उभे. मी मागे, गारंबीच्या वेलीखाली. वेल माझ्या कमरेएवढी जाड, कुठून निघते कळत नाही. वाचनालयाच्या पुस्तकात देवराईला चार ओळी दिल्यात. लिहिणारा आत उभा राहिला नसावा.
डावीकडचा दाणा पडला, म्हणजे नाही. साहेबाने पुन्हा विचारायला लावलं. पुन्हा डावा.
साहेब हळू म्हणाला, "मग राईला वळसा घालू." नकाशावरचं बोट वळलं आणि आमच्या काजूंवर आलं.

२४ जाने.
ह्यांनी लावलेले काजू. मोहर भरलाय.
शंकर : "वयनी, जागा तुझी. तू नाय म्हटलंस तर कोण हात लावचो नाय."
त्याची बायको : "देवान आपली झाडां राखल्यान, तुझी दिल्यान!"
हसू आलं. मग जेवण गेलं नाही.

२७ जाने.
हो म्हणून सांगितलं. पहिला घाव मी घालणार, ही अट.

३० जाने.
सगळे आले. गोव्याचे, आपले, एका रांगेत. वर राई काळीभोर, आत कुठेतरी धनेश पक्षी ओरडला, सगळ्यांनी माना वर केल्या. कोयता उचलला. फांदीवर मधमाश्या. खाली ठेवला. "जरा थांबा, माश्या उठू देत," म्हटलं.
कोणी घाई केली नाही. दोन्ही राज्यांची माणसं माझ्या काजूखाली बसून राहिली. खाली गोव्याच्या अंगाला, तेव्हा वणवा चढला त्याच बाजूला, बारीक धूर दिसत होता.